‘चरबीची गाठ दिसते, काढून टाकू’: हे वाक्य ऐकलं की थांबा

पोटात मोठी गाठ सापडली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. डॉक्टर म्हणतात, “चरबीची गाठ दिसते, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू.” नातेवाईक म्हणतात, “काढून टाका एकदाची, डोक्याला ताप नको.” दोघांचाही हेतू चांगला असतो. तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे. पोटात खोलवर असलेली मोठी गाठ नेमकी कसली आहे हे कळायच्या आत तिच्यावर सुरी चालवणं ही चुकीची पद्धत आहे आणि ती थांबली पाहिजे. तातडीचे प्रसंग सोडले तर ‘आधी काढू, मग बघू’ हा क्रमच उलटा आहे. आधी बघायचं, मग ठरवायचं, आणि काढायचीच असेल तर पहिल्याच वेळी पूर्ण काढायची.

एक खुलासा आधीच करतो. हातावर, मांडीवर, पाठीवर कातडीखाली सुपारीएवढी मऊ, हलणारी गाठ असते, तिच्याबद्दल हा लेख नाही. तशा बहुतेक गाठी साध्या चरबीच्या, म्हणजे लायपोमा असतात आणि वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. हा लेख पोटाच्या आतल्या आणि पोटाच्या भिंतीतल्या गाठींबद्दल आहे. तिथे ‘चरबीची गाठ’ या शब्दांचा अर्थ बदलतो.

ही जागा कुठली आणि गाठ कसली?

आपल्या आतड्यांच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे एक जागा असते. मूत्रपिंडं, मोठ्या रक्तवाहिन्या, कण्यालगतचे स्नायू, मज्जातंतू आणि भरपूर चरबी या जागेत असतात. वैद्यकीय भाषेत तिला रेट्रोपेरिटोनियम म्हणतात. या जागेला हाडांची कडक भिंत नाही, म्हणून तिथे वाढणाऱ्या गाठीला ऐसपैस जागा मिळते. ती आतडी हळूहळू बाजूला सारत राहते आणि रुग्णाला महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही.

जाणवतं तेव्हाही ते ओळखू येत नाही. पँट कमरेला घट्ट होते, पण हातपाय मात्र बारीक होत जातात. थोडं जेवलं तरी पोट गच्च वाटतं. एका पायाला सूज येते किंवा कंबर दुखते. घरचे म्हणतात पोट सुटलं. कुणी वायगोळा म्हणतं, कुणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला सांगतं. सोनोग्राफी होईपर्यंत गाठ नारळापेक्षा मोठी झालेली असते. ही गाठ चोळून जिरत नाही. कृपा करून पोट चोळून घेऊ नका.

चरबी, स्नायू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि त्यांना बांधून ठेवणारे तंतू या सगळ्यांना मिळून सॉफ्ट टिश्यू म्हणतात. त्यातून उठणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरपैकी साधारण 1 टक्का सार्कोमा असतात आणि सॉफ्ट टिश्यू सार्कोमांपैकी सुमारे 10 ते 15 टक्के या मागच्या जागेत होतात. म्हणजे आजार खरोखरच दुर्मीळ आहे. तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस वर्षं उत्तम सर्जरी करणाऱ्या डॉक्टरांनीही असे रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले असू शकतात. हा त्यांचा दोष नाही. मात्र ऑपरेशनचा निर्णय घेताना ही गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे.

आता ‘चरबीची गाठ’ या शब्दांकडे येऊ. कातडीखाली साधा लायपोमा सर्रास आढळतो. पोटाच्या मागच्या जागेत मात्र खरा लायपोमा अत्यंत दुर्मीळ. तिथे चरबी असलेली मोठी गाठ दिसली तर ती लायपोसार्कोमा आहे असंच धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. म्हणजे जो शब्द ऐकून रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो, तोच शब्द इथे सावध करणारा आहे. ‘बहुधा लायपोमा’ असा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात असेल तर तो निकाल समजू नका. तपासणीला तिथून सुरुवात होते.

दिसायला सारख्या, उपाय मात्र वेगळे

निदानाआधी ऑपरेशन का नको, याचं सर्वांत मोठं कारण असं की सोनोग्राफीवर एकसारखी दिसणारी गाठ अगदी वेगवेगळ्या आजारांची असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

लायपोसार्कोमा आणि लायोमायोसार्कोमा. पहिला चरबीचा, दुसरा अनैच्छिक स्नायूंचा कॅन्सर. यांचा मुख्य उपाय ऑपरेशनच, पण ते मोठं आणि आखून केलेलं हवं.

लिम्फोमा. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. याला गाठ काढायचं ऑपरेशन लागत नाही. केमोथेरपी आणि इतर औषधांनी तो बरा होऊ शकतो. पोट फाडून लिम्फोमाची गाठ काढत बसणं म्हणजे रुग्णाला फुकटची जखम देणं आणि खऱ्या उपचाराला उशीर करणं.

जर्म सेल ट्यूमर. तरुण मुलग्यांत वृषणातून उगम पावलेला कॅन्सर कधीकधी पोटाच्या मागच्या गाठीच्या रूपात समोर येतो. एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या आणि वृषणांची सोनोग्राफी केली की बऱ्याचदा तो ओळखता येतो. याचाही पहिला उपाय बहुतेक वेळा केमो असतो.

क्षयरोग. आपल्या देशात पोटातल्या ग्रंथींचा टीबी विसरून चालत नाही. तो गोळ्यांनी बरा होतो.

श्वानोमा. मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ. कित्येकदा तिच्यावर नुसती नजर ठेवली तरी पुरतं. घाईने काढायला जावं तर मज्जातंतूला इजा व्हायची.

जिस्ट. जठर आणि आतड्याच्या भिंतीतून उगवणारा ट्यूमर. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की यातल्या बहुतेकांच्या मुळाशी ‘किट’ नावाच्या जनुकातला बिघाड असतो. त्याच बिघाडावर काम करणारी इमॅटिनिब ही गोळी निघाली आणि पूर्वी जिथे डॉक्टर हात टेकायचे तिथे रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले. आपल्यासाठी यात आणखी एक बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त जेनेरिक गोळी रुग्णांना मिळत राहिली. आता समजा, गुदाशयालगत जिस्ट आहे. निदान न करता ऑपरेशन केलं तर गुदद्वारासकट सगळं काढावं लागून पोटावर कायमची पिशवी येऊ शकते. निदान आधी झालं आणि गोळीला दाद देणारा प्रकार निघाला, तर काही महिने इमॅटिनिब देऊन गाठ लहान करता येते आणि पुष्कळदा ती पिशवी टळते. एका बायोप्सीने इतका फरक पडू शकतो.

डेस्मॉइड. ही गाठ विशेषतः तरुण स्त्रियांत, बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत येते. सिझेरियनच्या टाक्यांजवळ असली की तिला हर्निया समजतात, नाहीतर टाक्यांतला एंडोमेट्रिओसिस. डेस्मॉइड दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण काढल्यावर त्याच जागी परत येण्याची खोड तिला आहे. पूर्वी ती दिसली की काढत. आज जगभरातले तज्ज्ञ सांगतात की बहुतेकांनी आधी थांबायचं, ठरावीक काळाने एमआरआय करून बघायचं. काही गाठी आपोआप आकसतात, काही आहेत तशा राहतात. वाढल्या आणि त्रास देऊ लागल्या तर औषधं आहेत, ऑपरेशनही आहे. पण पंचविशीतल्या मुलीच्या पोटाच्या भिंतीचा मोठा तुकडा काढून जाळी बसवायची आणि मग कळायचं की नुसतं लक्ष ठेवलं असतं तरी चाललं असतं, याला मी उपचार म्हणणार नाही. डेस्मॉइडच्या काही रुग्णांत मोठ्या आतड्यात पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार असतो, म्हणून घरातला इतिहास विचारणं आणि गरज वाटल्यास कोलोनोस्कोपी करणंही महत्त्वाचं.

ही यादी वाचून सांगा, यातल्या किती आजारांत ‘आधी काढून टाकू’ हे बरोबर उत्तर आहे?

पहिली संधी हीच सर्वांत मोठी संधी

“ठीक आहे, पण सार्कोमा असेल तर काढायचीच आहे ना? मग दोन आठवडे कशाला घालवायचे?” हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर ‘कशी काढायची’ यात आहे.

सार्कोमाच्या गाठीभोवती एक पडदा दिसतो. सर्जनला वाटतं, पडद्यालगत बोट फिरवून गाठ अलगद सोलून बाहेर काढता येईल. ती निघतेही. ऑपरेशन दोन तासांत उरकतं, टेबलावर गाठ अख्खी दिसते, फोटो काढला जातो. पण हा पडदा खरा पडदा नसतो. गाठीने दाबून दाबून तयार केलेला तो थर असतो आणि कॅन्सरच्या पेशी त्यात आणि त्याच्या पलीकडेही असतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हरळी वरवर खुरपली तर शेत चार दिवस स्वच्छ दिसतं. कासऱ्या जमिनीत राहिल्या की पुढच्या पावसात ती दुप्पट उगवते.

म्हणून या आजारात गाठीच्या आजूबाजूचा भागही सोबत, एकसंध काढतात. त्यात मूत्रपिंड, मोठ्या आतड्याचा भाग, कण्यालगतच्या स्नायूचा थर येऊ शकतो, कधी ते अवयव डोळ्यांना निरोगी दिसत असले तरी. 2009 मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या सर्जनांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून या पद्धतीकडे जगाचं लक्ष गेलं. अर्थात प्रत्येकाचं सगळंच काढायचं असा याचा अर्थ नाही. काय काढायचं आणि काय वाचवायचं हे गाठीच्या प्रकारावर ठरतं, आणि प्रकार आधी माहीत असल्याशिवाय ते ठरवताच येत नाही. मूत्रपिंड काढावं लागणार असेल तर दुसरं नीट काम करतं का, हे आधी तपासावं लागतं. आतडं जोडावं लागेल का, रक्तवाहिनी दुरुस्त करावी लागेल का, रक्ताच्या किती पिशव्या हव्यात, आयसीयू आहे का, हे सगळं टेबलावर सुचून उपयोगाचं नाही.

पोटाच्या मागचे सार्कोमा बहुतेक वेळा रुग्णाला छळतात ते त्याच जागी परत येऊन. लायपोसार्कोमाचा सौम्य प्रकार तर दूर पसरत जवळजवळ नाहीच, तो तिथल्या तिथे उगवत राहतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी अवयवांमधले पदर शाबूत असतात. गाठ अर्धवट काढली, फोडली किंवा तुकड्यांत काढली की ते पदर चिकटतात आणि पेशी पोटभर सांडतात. दुसऱ्या वेळी एकाच्या जागी पाच गाठी असतात. कितीही मोठा सर्जन आला तरी पहिली संधी त्याला परत मिळवता येत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दलही इथेच बोलतो. दुर्बिणीने जखम लहान होते, रुग्ण लवकर घरी जातो, हे खरं. पण मोठी गाठ लहान भोकातून बाहेर काढायला तिचे तुकडे करावे लागतात. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी असे तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2014 मध्ये इशारा दिला होता. फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्या साधारण 350 स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. तुकडे करताना तो पोटात पसरतो. म्हणून दुर्बिणीचा आग्रह धरण्याआधी विचारा, “गाठ अख्खी बाहेर येणार की तुकड्यांत?”

‘सुई लावली की कॅन्सर चवताळतो’

बायोप्सीचं नाव काढलं की हे वाक्य येतंच. गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, हवा लागली की भडकते. दुर्दैवाने काही डॉक्टरही हेच सांगतात. यातलं खरं किती?

पोटाच्या मागच्या गाठीची बायोप्सी सीटी स्कॅनच्या किंवा सोनोग्राफीच्या मदतीने, शक्यतो पाठीकडून करतात, म्हणजे सुई पोटाच्या मोकळ्या पोकळीतून जात नाही. बाहेर एक पोकळ नळी ठेवून तिच्या आतून सुई अनेकदा घालतात, त्यामुळे वाटेत पेशी सांडण्याची शक्यता आणखी घटते. अशा रीतीने केलेल्या बायोप्सीनंतर सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजण्याचं प्रमाण फारच कमी, साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. गाठ अर्धवट काढल्याने होणाऱ्या नुकसानीशी याची तुलनाच होऊ शकत नाही. गंमत अशी की जे सुईला घाबरतात, तेच पूर्ण पोट उघडून गाठ फोडायला तयार असतात. एका टोचणीने चवताळणारा कॅन्सर वीतभर चिरेने शांत कसा बसेल?

पण बायोप्सी प्रत्येकाची करायची का? नाही. याचेही नियम आहेत. अधूनमधून एकदम बीपी वाढणं, धडधड, दरदरून घाम अशी लक्षणं असतील तर गाठ पॅरागँग्लिओमा असू शकते. तिला सुई टोचली तर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो, म्हणून मेटानेफ्रिन ही रक्ताची किंवा लघवीची तपासणी आधी. अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असेल तर सहसा सुई घालत नाहीत. जठराची लहान, सहज निघणारी जिस्ट असेल तर काही वेळा थेट ऑपरेशन योग्य ठरतं. सीटीवर चित्र अगदी स्पष्ट असेल तर अनुभवी टीम बायोप्सीशिवायही पुढे जाऊ शकते. माझा आग्रह प्रत्येकाला सुई टोचण्याचा नाही. ‘बायोप्सी नको’ हा निर्णयही विचारपूर्वक, कारण सांगून घेतलेला असावा, एवढाच आग्रह आहे.

उशीर, खर्च आणि मुंबई

“इतके दिवस थांबलो तर वाढणार नाही का?” यातल्या बहुतेक गाठी तुमच्या पोटात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत आलेल्या असतात. सीटी, बायोप्सी आणि तज्ज्ञांचा सल्ला यासाठी जाणाऱ्या दोन-तीन आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. रक्तस्राव होत असेल, आतडं बंद पडलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जीव वाचवणं पहिलं.

“मुंबईला कोण जाणार?” हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून परळला येणं म्हणजे रोजंदारी बुडते, सोबतच्या माणसाची बुडते, राहायचं कुठे हा प्रश्न असतो. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा कितीतरी कॅन्सर रुग्णांचा आधार झाली, ती याच अडचणीमुळे. मोठ्या केंद्रांत गर्दी आहे, रांगा आहेत, हेही खरं. पण सगळं काही मुंबईतच करावं लागत नाही. सीटी आणि पुष्कळदा बायोप्सीही जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात होऊ शकते. कागद आणि स्लाइड पाठवून मत घेता येतं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली कॅन्सर केंद्रं जोडलेली आहेत, त्यातलं तुमच्या जवळचं कोणतं ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला ऑपरेशन ठरण्याआधी भेटा.

आणि खर्चाचाच हिशेब करायचा तर पूर्ण करा. गावात झालेलं अर्धवट ऑपरेशन स्वस्त पडत नाही. दोन वर्षांनी गाठ परत येते, तेव्हा मुंबईची वारी चुकत नाहीच. फक्त तेव्हा ऑपरेशन दुप्पट मोठं असतं, आशा कमी असते आणि शेत आधीच गहाण पडलेलं असतं.

पोट उघडून बंद करणाऱ्या सर्जनची बाजू

कधीकधी अपेंडिक्स किंवा हर्निया म्हणून ऑपरेशन सुरू होतं आणि आत अनपेक्षित मोठी गाठ दिसते. अशा वेळी समंजस सर्जन काय करतो? रुग्णाला तातडीचा धोका नसेल तर शक्य तिथे एक लहान तुकडा तपासणीसाठी घेतो, बाकी कशाला हात लावत नाही, पोट बंद करतो आणि रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवतो. बाहेर नातेवाईक चिडतात. “उघडलं आणि तसंच शिवलं? जमलं नाही तर हात कशाला घातला?” गावभर बोलबाला होतो.

मी त्या सर्जनच्या बाजूचा आहे. त्याने रुग्णाची पहिली संधी जपली. गाठ फोडून निम्मीशिम्मी बाहेर काढणाऱ्याचा आपण सत्कार करतो आणि थांबणाऱ्याला नावं ठेवतो, हे बदललं पाहिजे. रुग्ण पुढे पाठवण्यात कमीपणा नाही. “हे माझं काम नाही, मी तुम्हाला योग्य माणसाकडे पाठवतो,” असं म्हणणारा डॉक्टर मिळाला तर त्याचा फोन नंबर जपून ठेवा. उलट पाठवणं न पाठवणं रिकाम्या खाटेवर किंवा कमिशनवर ठरत असेल, तर त्याला वैद्यकी म्हणू नये. आमच्या व्यवसायातल्या लोकांनाही हे ऐकावं लागेल.

तुमचीही जबाबदारी आहे. “डॉक्टर, उद्याच करा, पाहुणे आलेत, रजा मिळाली आहे,” हा धोशा आम्ही रोज ऐकतो. या दबावापुढे चांगला डॉक्टरही कधी वाकतो. घाई तुम्ही करायची आणि दोष नंतर नशिबाला द्यायचा, हे बरं नव्हे.

ती बरणी आणि तो ब्लॉक

आपल्याकडे काढलेली गाठ बरणीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात, “लॅबला देऊन या.” ती बरणी सांभाळा. त्यात फॉर्मॅलिन असायला हवं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तुकडा ठेवला तर तो खराब होतो आणि मग कोणत्याही लॅबला नीट उत्तर देता येत नाही. बरणीवर नाव, तारीख आणि जागा लिहिलेली हवी. आणि हर्नियाची ‘नुसती चरबी’ असली तरी मोठी किंवा वेगळी दिसणारी असेल, तर ती फेकायची नाही, तपासायला पाठवायची. तिथेही कधीकधी लायपोसार्कोमा लपलेला असतो.

लॅबमध्ये त्या तुकड्याचे मेणाचे ठोकळे करतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. सार्कोमाचं निदान नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून दरवेळी होत नाही. सौम्य लायपोसार्कोमा साध्या चरबीसारखाच दिसू शकतो, तेव्हा एमडीएम2 या जनुकाची तपासणी करावी लागते. जिस्टसाठी सीडी117 आणि डॉग1, डेस्मॉइडसाठी बीटा-कॅटेनिन हे रंग लावून बघतात. हे सगळं त्याच ब्लॉकवर होतं. म्हणून रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या आणि ते दागिन्यासारखे जपा. दुर्मीळ गाठींत दुसऱ्या, अनुभवी पॅथॉलॉजिस्टने बघितल्यावर निदान बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ऑपरेशनच्या तारखेआधी हे विचारा

1. ही गाठ नेमक्या कशातून उगवली आहे असं वाटतं, आणि दुसरं काय असू शकतं?
2. शिरेतून डाय देऊन पोटाचा आणि छातीचा सीटी झाला का?
3. बायोप्सी करणार का? नसेल तर का नाही?
4. सर्जन, कॅन्सरची औषधं देणारे डॉक्टर, रेडिओथेरपीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ही केस पाहिली आहे का? याला ट्यूमर बोर्ड म्हणतात.
5. तुम्ही किंवा तुमच्या टीमने अशा किती गाठींवर ऑपरेशन केलं आहे?
6. कोणते अवयव सोबत काढावे लागतील? गाठ एकसंध निघेल का?
7. ऑपरेशनआधी केमो, गोळी किंवा शेक देऊन फायदा आहे का?

सातव्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला वेगळं असेल. शेकाचंच बघा. पोटाच्या मागच्या सार्कोमाच्या 266 रुग्णांवर झालेल्या स्ट्रास नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. ऑपरेशनआधी सरसकट सगळ्यांना शेक देऊन फायदा दिसला नाही. म्हणजे ‘सगळ्यांना सगळं’ हेही बरोबर नाही आणि ‘कुणालाच काही नको’ हेही नाही. प्रकार बघूनच ठरतं, आणि म्हणून प्रकार आधी कळायला हवा.

हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच समजा. ऑपरेशन चांगलं झालं तरी तपासण्या सोडू नका. ही गाठ पाच वर्षांनीच काय, दहा वर्षांनीही परत येऊ शकते. ठरलेल्या वेळी स्कॅन करत राहणं हा उपचाराचाच भाग आहे.

पोटातल्या प्रत्येक गाठीचा कॅन्सर असतो असं मी म्हणत नाही, आणि वेळेवर योग्य हातात पडलेल्या सार्कोमाचे रुग्ण पुढे चांगलं आयुष्य जगतात. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या सोनोग्राफीत पोटाच्या आत मोठी गाठ आली असेल, तर आज ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आज सीटीची तारीख घ्या.